लॉकडाऊनमधलं ऊन

महादेवी. माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी हे एकच नाव सांगतो. ती माझी थोरली बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आम्ही वळसंगचे. घरात निम्मं मराठी, निम्मं कानडी. त्यामुळे मी तिला अक्का म्हणतो आणि ती मला तम्मा म्हणते, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. लाडात आली की सिदू. शाळेच्या दाखल्यावर माझं नाव सिद्धाराम आहे, पण ते तिच्या तोंडून मी कधी ऐकलेलं नाही. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. पुढं अक्काला स्थळं येऊ लागली तेव्हा तिनं एकच अट घातली: नवरा गावातलाच पाहिजे, म्हणजे रोज येऊन भावाला भाकरी वाढता येईल. तसाच नवरा मिळाला. मी शिकलो, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो, सोलापुरात एका कचेरीत लिपिक म्हणून लागलो. ती स्वतः एक दिवसही शाळेत गेली नाही.

हे आज लिहायला बसलो त्याला कारण ऊन. चैत्र लागला की सकाळी अकराच्या सुमाराला आमच्या पुढच्या खोलीत खिडकीच्या गजांमधून ऊन येतं आणि शहाबादी फरशीवर त्याचे चार पट्टे पडतात. आज रजा होती म्हणून घरी होतो, तर ते पट्टे दिसले. या घरात राहायला येऊन नऊ वर्षं झाली होती, तरी लॉकडाऊन लागेपर्यंत ते मला ठाऊकच नव्हते. साडेनऊला डबा घेऊन निघायचं, साडेसहाला परत. रविवारी बाजार, नाहीतर कुणाचं तरी लग्न. अकरा वाजता आपलं घर कसं दिसतं, याचा मी कधी विचारच केला नव्हता. घर आपलं असतं, पण ठरावीक वेळेपुरतंच आपल्या ओळखीचं असतं.

टेबलावर माझ्यासमोर एक कागद आहे. गेल्या आठवड्यात वळसंगला गेलो होतो, तेव्हा अक्काच्या लोखंडी पेटीतून तो उसना आणला. "वाचून झालं की परत दे," ती म्हणाली. "हरवलास तर माज्याशी गाठ हाय." कागद मीच लिहिलेला आहे. पण आता तो तिचा आहे.

त्या पहिल्या आठवड्यात मी घरात पाहुण्यासारखा वावरत होतो. कुठं बसावं हेच कळेना. ज्या खुर्चीत बसावं ती रेणुकाची भाजी निवडायची खुर्ची निघे. रेणुका माझी बायको. तिचा एक टवका उडालेल्या कानाचा कप आहे, हे मला तेव्हा कळलं. रोज अकरा वाजता, सगळं आवरलं की, त्या कपात ती अर्धा कप चहा घ्यायची, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून, एकटी. मी घरात राहायला लागल्यावर तो चहा बंद झाला. मला वाटलं, दुधाची टंचाई म्हणून असेल. विचारलं तर म्हणाली, "तुम्ही असलात की चहा दोघांचा होतो. मग तो चांगल्या कपात करावा लागतो."

"मग तू तुझा कर ना वेगळा."

"वेगळा कशाला? आणि तुमच्यादेखत पिऊन त्यात काय मजा?"

मी विचारात पडलो. अकरा वर्षांच्या संसारात माझ्या बायकोची रोजची दहा मिनिटं अशी होती, की मी घरात नसणं हीच त्यांची अट होती. राग आला नाही. उलट आणखी काय काय असेल, याचं कुतूहल वाटू लागलं. दुसऱ्या दिवसापासून अकरा वाजले की मी दहा मिनिटं गच्चीवर जायला लागलो.

आणि आवाज. आमच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत, टॉवेलचे. त्यांची खटखट दिवसभर चालते. इतकी चालते की ती ऐकूच येत नाही. माग बंद झाले त्या सकाळी मला वाटलं कानात काहीतरी गेलं. मी कान झटकत बसलो होतो, तेवढ्यात माझी मुलगी अनु, तेव्हा पहिलीत होती, खोलीच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "बाबा, काहीतरी बंद पडलंय."

"काय?"

"ते माहीत नाही. पण बंद पडलंय."

त्या शांततेत अक्का आमच्या घरी अडकली होती. मोतीबिंदूसाठी आली होती. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं पुढं करायचं ठरलं, आणि ती गावी जायच्या बेतात होती तोवर एस.टी. थांबली. गावाकडं भावजी एकटे, आणि अक्काच्या हाताशिवाय दूध न देणारी म्हैस. भावजींचा रोज फोन. "जवळ जाऊ देईना बग. लाथच घालती. तू कवा येतीस?"

"मला इचारता? पोलिसाला इचारा. म्हशीच्या कानाला लावा फोन."

आणि खरंच ती फोनवर म्हशीशी कानडीत बोलायची. पलीकडून भावजी ओरडून सांगायचे, "कान हलीवला! हलीवला!" त्या दिवसांत आमच्या घरात एवढं हसू दुसऱ्या कशानं आलं नाही.

नव्या डोळ्यानं अक्का घर बघत होती. मी बघत होतो तसंच, पण माझ्याहून कितीतरी बारकाईनं. पहिल्याच दिवशी छताकडं बघून म्हणाली, "रेणुका, तुज्या घरात एवढी जाळी हुती व्हय? मी आपलं समजत हुते माज्या डोळ्यात हाय." रेणुकानं मुकाट्यानं केरसुणी काढली. मग फरशीच्या शिरा, अनुच्या गालावरचा तीळ, माझे पांढरे केस. "म्हातारा झालास की रं तम्मा. मला कुनी बोललंच न्हाय."

एक दिवस ती डाळीचा स्टीलचा डबा पुसत होती. आमच्या लग्नात तिनंच दिलेला. डबा तिनं उन्हाच्या पट्ट्यात धरला आणि विचारलं, "ह्ये काय टोचलंय ह्यावर? मुंग्या चालल्यावानी?"

"नाव आहे तुझं. भांड्यावर नाव घालतात ते. तूच नाही का दुकानात घालून घेतलंस?"

"घाल म्हनलं हुतं. घातलं का न्हाय कुनाला ठावं?" तिनं त्या टिंबांवरून बोट फिरवलं. "माजं नाव. आनि सुरू कुटनं हुतंय?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. नाव सुरू कुठून होतं. मी तिचं बोट धरून 'म'वर ठेवलं. म, हा, दे, वी. चार अक्षरं, आणि एकही जोडाक्षर नाही. दुपारचं जेवण होईपर्यंत ती डबा मांडीवर घेऊन बसली होती. जेवताना म्हणाली, "सिदू, आता दिसतंय तवर शिकीव मला."

अशी आमची शाळा सुरू झाली. विद्यार्थिनी दोघी, एक सहा वर्षांची आणि एक पंचावन्नची. अनुची पहिली अर्धवट सुटली होती, तिचीही पाटी निघाली. अक्काला जवळचं दिसायला चष्मा लागत होता आणि चष्म्याची दुकानं बंद. माझा वाचायचा चष्मा तिला जमला. मग तो आम्ही वाटून घेतला. तिचा अभ्यास चालू असताना माझं वाचन बंद. अनुला आत्याच्या आधी हात वर करायची भारी हौस आणि अक्काला तिला चिडवायची. "बाई, बाई, ही माजं बगून लिवती," अक्का माझ्याकडं तक्रार करायची आणि अनु रडायच्या बेतात यायची.

रेणुकानं डब्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. मीठ, साखर, गूळ, रवा, डाळ, हळद, तिखट, चटणी. अक्का आठ दिवसांत डबे वाचू लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आमच्या फळीवरचे जवळजवळ सगळे डबे जोडाक्षराशिवायचे आहेत. अपवाद एकच, आणि तोही आमचं मुख्य अन्न.

"ह्ये काय? हितं दोन अक्षरं चिकाटल्यात," अक्का म्हणाली.

"ज्वारी," अनु म्हणाली.

"मग जोंधळा लिव की! सरळ हाय. उगं एकाला एक कशाला चिकटवायची?"

रेणुकानं पट्टी बदलली. तेव्हापासून आमच्या घरात त्या डब्यावर 'जोंधळा' आहे, आणि जोडाक्षरांना आमच्या घरात 'चिकटं' म्हणतात. "ती चिकटं कवा शिकीवनार?" अक्का विचारायची. "आधी सुटी पक्की होऊ देत," मी म्हणायचो. तेव्हा त्यात काही खोटं नव्हतं.

अक्कानं कुणाच्या मदतीशिवाय वाचलेला पहिला शब्द म्हणजे ऊन. दोनच अक्षरं, आणि अर्थ फरशीवर पडलेला. मी पाटीवर लिहिलं, तिनं वाचलं, आणि हात लांब करून तो उन्हात धरला, शब्द बरोबर आहे का ते तपासायला. त्यानंतर तिला एक खेळ सापडला. मोठा शब्द आला की त्यात ओळखीचा छोटा शब्द लपलाय का, ते ती शोधायची. मध्यंतरी थांबलेला पेपर पुन्हा येऊ लागला. पहिल्या दिवशी तिनं तो पुढ्यात ओढला, माझा चष्मा लावला, आणि मथळ्यावर बोट ठेवून हळूहळू म्हणाली, "लॉ... क... डा... अय्यो! ह्यात बी ऊन हाय की!"

लॉकडाऊन. तोवर तो शब्द मी दिवसातून शंभर वेळा ऐकला असेन, लिहिला असेन, त्याच्या परिपत्रकांना जावक क्रमांक दिले असतील. त्यात ऊन आहे हे मला दिसलं नव्हतं.

एका दुपारी पाटी पुसता पुसता ती म्हणाली, "गावाकडं गेल्यावर पैलं तुजी कारडं वाचनार मी."

माझी पोस्टकार्डं. दहावीनंतर मी सोलापूरला वसतिगृहात राहिलो, तेव्हा तिला पाठवलेली. ती वाचता न येणारी, म्हणून कार्ड यायचं ते गावातल्या गुरप्पामामांच्या किराणा दुकानात, आणि मामा ते मोठ्यानं वाचून दाखवायचे. दुकानात जे असतील ते सगळे ऐकायचे. कार्डं अक्कानं पेटीत जपून ठेवली आहेत, हे मला माहीत होतं.

"त्यातलं येक येगळं ठेवलंय," ती म्हणाली. "तू लिवलं हुतंस बग. अक्का, येऊ नको, ऊन लई हाय, तुजं पाय भाजतील, ऊन उतरल्यावर ये. गुरप्पामामानं वाचलं तवा दुकानातल्या बायका गप झाल्या. म्हनल्या, भाऊ असावा तर असा. ते मी पैलं वाचनार."

मी तसं काही लिहिलेलं नव्हतं.

काय लिहिलं होतं ते मला शब्द न् शब्द आठवतं. अक्का महिन्यातून एकदा वसतिगृहावर यायची. वळसंगहून एस.टी.नं, आणि स्टँडपासून पायी, पायांत काही न घालता. डोक्यावर कडक भाकऱ्यांचं गाठोडं, शेंगाचटणीची पुरचुंडी. फाटकापाशी उभी राहून "सिदू" म्हणून हाक मारायची. खोलीतल्या मुलांनी विचारलं, ही कोण? आणि मी सोळा वर्षांचा मुलगा म्हणालो, आमच्या शेतावरची बाई आहे. आमच्या घराला गुंठाभर जमीन नव्हती. त्या रात्रीच्या भाकऱ्या मी त्या मुलांबरोबर वाटून खाल्ल्या, आणि दुसऱ्या दिवशी कार्ड टाकलं: "अक्का, तू आता इथं येऊ नकोस. मुलं विचारतात. मी त्यांना तू आमच्या शेतावरची बाई आहेस असं सांगितलं आहे."

तरीही पाऊस सुरू झाल्यावर ती पुन्हा आली, तेव्हा मला तिच्या हट्टाचा राग आला होता. नको म्हणून सांगितलेलं कळत नाही का हिला? आता कळलं. तिला नको म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं. ऊन उतरल्यावर ये म्हणून सांगितलं होतं, आणि ती ऊन उतरल्यावर आली होती.

गुरप्पामामा जाऊन बरीच वर्षं झाली. मी त्यांचा विचार करत राहिलो. दुकानात चार बायका उभ्या, हातात कार्ड, समोर माझी बहीण पदर सावरून ऐकायला उभी. डोळ्यांना पुढची ओळ दिसली असेल, तोंडातून आधीची निघत असेल. तेवढ्या अवधीत त्या माणसाला ऊन कुठून सुचलं? साखर तोलणारा, सातवीपर्यंत शिकलेला माणूस. मी पदवीधर, आणि रोज कचेरीत मसुदे लिहितो. मला सुचलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून मी शिकवण्यात दिरंगाई करू लागलो. आज डोकं दुखतंय, आज कचेरीचं काम घरी आलंय. चिकटं तर काढलीच नाहीत. तिनं जोडाक्षरं शिकू नयेत, म्हणजे कार्ड अडेल, असा माझा हिशोब होता. मग एकदा ते वाक्य मनात लिहून काढलं आणि बघितलं की त्यात जोडाक्षरं किती. तीन. अक्का, त्यांना, आमच्या. बाकी सगळं सुटं. येऊ नकोस सुटं. शेतावरची सुटं. बाई तर अनुच्या पुस्तकात दुसऱ्याच पानावर होतं. जोडाक्षरं अडवून मी काहीच अडवत नव्हतो. तरी अडवत राहिलो. ज्या बहिणीनं मला शाळेत घातलं, तिचा धडा मी अडवून बसलो होतो, आणि ती बिचारी पाटी घेऊन रोज अकरा वाजता उन्हाच्या पट्ट्याशेजारी येऊन बसत होती.

रेणुकाच्या लक्षात आलं. "शिकवत का नाही तुम्ही त्यांना पुढचं?"

मी तिला सगळं सांगितलं. तिनं तांदळाचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "सोळा वर्षांचे होतात तुम्ही."

"हो."

"आता किती आहे वय?"



मग एका सकाळी मागच्या गल्लीतून खटखट ऐकू आली. आधी एक माग, थांबत थांबत, खोकल्यासारखा, दुपारपर्यंत सगळे. अनुनं टाळ्या वाजवल्या. मला मात्र कळलं, की आता अक्का जाणार. प्रवासाचा पास मिळाला, वळसंगकडं रिकामा परतणारा भाजीचा टेम्पो मिळाला. तिनं तोंडाला पदर बांधला, टोपलीत पाटी ठेवली. अनुनं ती तिला देऊन टाकली होती. माझा चष्माही मी तिला दिला. टेम्पोत पुढं बसल्यावर ती खिडकीतून म्हणाली, "चिकटं ऱ्हायली की रं."

"पुढच्या वेळी," मी म्हणालो.

संध्याकाळी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. म्हैस ओळखेना म्हणून गडबड चालली असेल, असं मी स्वतःला सांगत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी आला.

"सिदू, कारड काढलं. तुजं अक्षर लई बारीक रं, मुंगीच्या पायागत. निम्मं लागंना. पर ऊन सापडलं!"

"ऊन?"

"व्हय की! ऊ आनि न. शेजारी शेजारी. मदी जरा जागा सुटल्या, पर हाय. गुरप्पामामानं वाचलं तसंच हाय. आता बाकीचं न्हाय लागलं तरी चालतंय मला."

मी हातात फोन घेऊन उभा होतो. समोर फरशीवर चार पट्टे. येऊ नकोस. येऊ-मधला ऊ, नकोस-मधला न. माझ्या त्या वाक्यात खरोखरच ऊन होतं, दोन शब्दांच्या मधे. कदाचित गुरप्पामामांची नजरही तिथंच अडखळली असेल. कोण जाणे. अक्का आनंदात होती. मी गप्प बसलो असतो तर जन्मभर आनंदात राहिली असती. तिला हवं ते तिनं स्वतःच्या डोळ्यानं वाचलं होतं.

"आनि सिदू," ती म्हणाली, "फुडं बाई म्हनून लिवलंय. ही बाई कोन रं?"

"असेल कुणीतरी," मी म्हणालो.

फोन ठेवला. ही कोण? सत्तावीस वर्षांत हा प्रश्न मला दुसऱ्यांदा विचारला गेला होता. पहिल्यांदा मुलांनी विचारला, आता तिनंच विचारला, आणि मी दोन्ही वेळा खोटं बोललो. पहिल्या वेळी निदान सोळा वर्षांचा होतो.

त्याच दिवशी अनुचा जाड स्केचपेन घेतला आणि लिहायला बसलो. पत्र तिनं गुरप्पामामांच्या जागी आता बसणाऱ्या कुणाकडून वाचून घ्यायला नको होतं, भावजींकडूनही नको. ते तिला एकटीला वाचता यायला हवं होतं. म्हणजे एकही जोडाक्षर नको. तेव्हा कळलं हे किती अवघड आहे. 'पत्र' लिहिता येत नव्हतं. 'क्षमा' येत नव्हती. 'मुद्दाम' नाही, 'कार्ड' नाही. 'अक्का' नाही, आणि 'तम्मा'ही नाही. आमच्या नात्याचे दोन्ही शब्द चिकटे निघाले. थोरल्या बहिणीला नावानं हाक मारायची आमच्याकडं रीत नाही, पण मला नावाशिवाय दुसरं काही उरलं नाही. शब्द संपले की मी तिच्यासारखं बोलून बघायचो, आणि तिच्या बोलण्यात सुटा शब्द सापडायचा. कारड. कागद. चार कागद फाडले, पाचवा पोस्टात टाकला. रेणुका शेजारी उंबऱ्यावर बसून होती, तिच्या त्या कपात चहा घेत, माझ्यादेखत.

कागद पोचल्याचं भावजींकडून कळलं. त्यानंतर चार दिवस अक्का फोनवर आली नाही. पाचव्या दिवशी आली. "चार दिस झालं की," एवढंच म्हणाली, आणि मग म्हशीचं सांगत बसली.

गेल्या आठवड्यात तिनं पेटी उघडली तेव्हा मी पाहिलं, जुनं कार्ड आणि हा कागद एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत आहेत. कागदाच्या घड्या फाटत आल्या आहेत, कडेला हळदीचा डाग आहे. उद्या परत द्यायचा आहे, म्हणून इथं उतरवून ठेवतो.

महादेवी,

हा कागद तुला एकटीला वाचता यावा असा लिहिला आहे. थोरली असून तुला नावानं हाक मारतो, राग मानू नकोस. मी रोज जी हाक मारतो ती तुला अजून वाचता येत नाही.

तुला ऊन सापडलं ते ऊन नाही. ते 'येऊ नकोस' आहे. मीच लिहिलं होतं. मामांनी तुला ऊन वाचून दाखवलं. ते ऊन मामांचं. माझं नाही.

ती बाई कोण, ते तू विचारलंस. ती बाई तूच. मुलं मला विचारत होती, ही कोण. मी सांगितलं, शेतावरची बाई. आपलं शेत कुठं होतं? मला तुझी लाज वाटली. तुझे पाय धुळीनं भरलेले, लुगडं विरलेलं, आणि मुलं बघत होती. भाकरी तुझी खात होतो आणि तुलाच बाई करत होतो.

चिकटं मी शिकवली नाहीत. वेळ नाही, हे खोटं कारण होतं. तू कारड वाचशील, याला मी घाबरलो.

तू शाळेत गेली नाहीस, मी गेलो. तुझी शाळा मला मिळाली, मग नोकरी मिळाली, घर झालं, अनु झाली. हे मी तुला कधीच बोललो नाही.

माफ कर असं लिहिणार होतो. पण तू ते लगेच करशील, मला माहीत आहे. घाई करू नकोस. आधी हा कागद पुरा वाच. रागव. चार दिवस बोलू नकोस. मग बोल. ते जुनं कारड फाडायचं की ठेवायचं, ते तूच ठरव.

दुसरा डोळा करायचा आहे. गाडी सुरू झाली की ये. ऊन असलं तरी ये. गाडी थांबेल तिथं मी उभा असेन. कुणी विचारलं, ही कोण, तर सांगेन, ही माझी थोरली बहीण महादेवी, हिनं मला शिकवलं. मग राहिलेली चिकटं शिकू.

येताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन ये. या 'घेऊन' मधलं ऊन खरं आहे.

तुझा भाऊ,
सिदू